बादशहाचा चुकलेला वारस

घोगरे सरांबद्दल लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. कारणं भरपूर होती. आधी मी मुख्याध्यापक होतो म्हणून वेळ नव्हता. मग निवृत्त झालो, तेव्हा वेळच वेळ होता, आणि इतका वेळ असला की माणूस काहीच करत नाही. मग मोतीबिंदू झाला. तो निघाला तर गुडघा धरला. गुडघ्याचा आणि लिहिण्याचा काय संबंध, असं आमची सुमन विचारते. तिला उत्तर देण्याचं मी चाळीस वर्षांपूर्वीच सोडून दिलंय. खरं कारण एवढंच की त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागतं, आणि तो विषय मला फारसा आवडत नाही.

लिंबराज घोगरे हे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. विषय इतिहास. शाळा तेरणेच्या काठी, तेरपासून बसनं वीस मिनिटांवर. मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळ्या शाळांत असतात तसे थोर पुरुषांचे फोटो ओळीनं लावलेले होते. त्या ओळीच्या शेवटी एक फोटो जास्तीचा होता. कुरळे केस, कुरळी दाढी आणि लागोपाठ दोन ड्युट्या केलेल्या कंडक्टरसारखे दमलेले डोळे. बाकीच्या थोर पुरुषांना जयंतीला हार मिळायचा. ह्याला रोज.

एकदा जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि शेवटच्या फोटोपाशी थांबले.

"हे कोण?"

"बादशहा," घोगरे सर म्हणाले.

"कुठले?"

"रोमचे."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि हात जोडले. वरून काही परिपत्रक आलं असेल आणि आपलंच वाचायचं राहिलं असेल, असं त्यांना वाटलं असावं.

हा बादशहा अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते मला नीट लिहिता येत नाही आणि घोगरे सरांना चुकीचं नाव लिहिलेलं चालायचं नाही. आम्ही सगळे नुसतं 'बादशहा' म्हणायचो. पुढं पुढं मास्तर लोक घोगरे सरांनाच बादशहा म्हणायला लागले. पाठीमागं, अर्थात. तोंडावर आम्ही फार सभ्य होतो.

बादशहा तत्त्वज्ञ होता. सगळं राज्य हातात असून साधा राहायचा. आयुष्यभर शांततेचा विचार करत राहिला आणि आयुष्यभर लढाईच्या छावणीत राहिला. त्यात साथीचा रोग आला, पूर आले, घरात पोरं दगावली. हा दिवसभर राज्य करायचा आणि मग वही काढून स्वतःलाच चार शहाणपणाच्या गोष्टी लिहायचा. दुसऱ्याला नाही, स्वतःला. घोगरे सरांच्या मते जगाच्या इतिहासात असा राज्यकर्ता पुन्हा झाला नाही. आमच्या मते घोगरे सरांना बाहेरचं काही लागलं होतं.

त्या बादशहाच्या विचारांतून सरांनी आमच्या शाळेसाठी एक प्रश्न काढला होता. काहीही झालं की ते आधी विचारायचे, "हातातलं का हाताबाहेरचं?"

नळाला पाणी आलं नाही. "हातातलं का हाताबाहेरचं?" दहावीचा निकाल पडला. "हातातलं का हाताबाहेरचं?" एकदा आठवीच्या वर्गात साप निघाला. पोरं बाकांवर चढली, मी टेबलावर चढलो. सर दारात येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "साळुंके, साप हाताबाहेरचा आहे. दार उघडं ठेवणं हातातलं आहे." त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि बाजूला झाले. साप निघून गेला. मी टेबलावरून उतरायला जरा वेळ घेतला. पोरांनी ते पाहिलं आणि वर्षभर मी गणित शिकवताना टेबलाकडं बघून हसली.

रोमचा आणि आपला संबंध काय, असं कोणी म्हणालं की सरांचा चेहरा उजळायचा. तो प्रश्न कोणी विचारावा म्हणून ते दिवसभर वाट बघत असत. मग ते तेरची गोष्ट सुरू करायचे. हे तेर म्हणजे जुनं तगर. इथली मलमल गाड्या भरून समुद्रापर्यंत जायची आणि जहाजातून रोमला. "बादशहाच्या अंगातलं कापड आपल्या तेरणेच्या पाण्यात धुतलेलं असेल, साळुंके. काय सांगता येतं?" मी म्हणायचो, सांगता तर काहीच येत नाही. ते म्हणायचे, "मग नाही तरी कसं म्हणता?"

त्यांची एकच इच्छा होती. बादशहाचं नाणं ह्या मातीत सापडावं. नांगरणी सुरू झाली की ते सायकल काढून शेतोशेत फिरायचे. लोकांनाही ते कळलं होतं. कोणी निजामाच्या वेळचा ढब्बू पैसा आणून द्यायचा, कोणी फुटक्या हंड्याची कडी. एकानं सोड्याच्या बाटलीचं गंजकं बूच आणलं. सरांनी ते भिंगातून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "हा बादशहा नाही. पण तुम्ही आठवणीनं आणलंत." आणि त्याला चहा पाजला. गावात मग बुचं फार सापडायला लागली.

पण घोगरे सर गावाला खऱ्या अर्थानं माहीत झाले ते लिलावामुळं. त्या बादशहाच्या तिजोरीत लढाईला पैसा उरला नव्हता. लोकांवर नवा कर बसवण्याऐवजी त्यानं राजवाड्यातलं सामान चौकात मांडून विकलं. सोन्याचे पेले, गालिचे, राणीचे रेशमी कपडेसुद्धा. आमच्या शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. संस्था म्हणाली, पालकांकडून वर्गणी काढा. सर म्हणाले, "ते बरोबर नाही." आणि पुढच्या गुरुवारी, आठवडी बाजारात, मेथीच्या जुड्या आणि बैलांचे कासरे ह्यांच्या मधोमध मुख्याध्यापकांची फिरती खुर्ची, काचेचं टेबल, सोफा आणि भिंतीवरचं घड्याळ मांडून ठेवलं. ही सगळी त्यांची स्वतःची खरेदी होती, पगारातून केलेली. राणीच्या कपड्यांचा विषय निघायच्या आत घोगरे वहिनींनी घराला आतून कडी घातली.

खुर्ची एका केस कापणाऱ्यानं घेतली. मला ते फार लागलं. कारण आता सांगायला हरकत नाही, त्या खुर्चीवर माझा सतरा वर्षं डोळा होता. सेवाज्येष्ठतेत मी दुसरा. सर माझ्याहून एक वर्षानं मोठे. म्हणजे मला ती खुर्ची मिळणार ती फक्त शेवटच्या वर्षापुरती. आणि हा माणूस ती कोणाच्या तरी दाढीसाठी देऊन मोकळा झाला. स्वतः त्या दिवसापासून पोरांच्या बाकावर बसायला लागला. संडास मात्र झाला. अजूनही आहे.

आता मुख्य गोष्ट.

सरांची निवृत्ती सात-आठ महिन्यांवर आली असताना एका सकाळी त्यांच्या छातीत दुखलं. वहिनींनी त्यांना जीप करून बार्शीच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की अवघड आहे, पुढचा एक दिवस निघाला तर वाचतील. शाळा सुटल्यावर मी बसस्टँडवर उभा होतो. तिथं संतोषचं फ्लेक्सचं दुकान आहे. संतोष आमचाच विद्यार्थी, सरांचा फार लाडका. तो शटर अर्धं ओढून आवराआवर करत होता.

"सर, उद्यापासून चार दिवस दुकान बंद ऱ्हाईल," तो म्हणाला. "बहिणीचं लगीन हाय उमरग्याला. काय लागणार आसंल तर आत्ताच सांगा."

काय लागणार आहे ते आम्हाला दोघांनाही समजलं. मी म्हणालो, "एक... सरांचा... तयार असू दे. लागलाच तर."

तो म्हणाला, "व्हय सर." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, गुरूवर प्रेम आहे पोराचं.

पुढं जे झालं ते मी दोन्ही बाजूंनी समजून घेतलंय. संतोषला वाटलं, सर गेले, आणि साळुंके सरांच्या तोंडून शब्द फुटत नाही. नाहीतर जित्या माणसाचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स कोण सांगेल? त्यानं फ्लेक्स काढला, आपल्या हातानं शेवटची सेवा म्हणून पहाटेच स्टँडच्या कमानीवर लावला, आणि लग्नाला निघून गेला. सकाळी सात वाजता मी तो पाहिला आणि मला वाटलं, संतोषला बार्शीहून फोन आला असणार. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, मी त्याच्यावर ठेवला, आणि गावानं फ्लेक्सवर ठेवला. वहिनींचा मोबाईल बंद लागत होता. त्यावरून तर खात्रीच पटली. अशा दुःखात कोण फोन चालू ठेवतं? बार्शीला जाऊन बघावं असं कोणालाच वाटलं नाही, कारण दुपारपर्यंत आणतीलच असं सगळ्यांचं मत पडलं.

फ्लेक्स चांगला झाला होता. वर समई, मध्ये सरांचा फोटो, खाली 'शोकाकुल शिक्षकवृंद' म्हणून आमचे चेहरे. शोकाकुलांमध्ये मी पहिला होतो आणि माझा फोटो सरांच्या फोटोहून बोटभरच लहान होता.

नऊ वाजता शाळा भरली. दोन मिनिटं शांतता पाळली आणि सुट्टी दिली. पोरं रडली. मंडपवाल्याकडून मी हातांची एक प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि सरांच्या खोलीत ठेवली. खुर्ची रिकामी ठेवणं बरं दिसत नाही म्हणून तिच्यावर बसलो.

आणि बसल्या बसल्या मला संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या आठवला. तो आमच्याच शाळेत शिक्षक होता, आठ वर्षं नोकरी झालेला. अध्यक्षांच्या मनात त्याला पुढं आणायचं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. आज जर अध्यक्षांनी तात्पुरता चार्ज त्याला दिला, तर तो कायमचाच. मी कागद घेतला आणि अध्यक्षांना पत्र लिहिलं.

त्या पत्राबद्दल मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. सुमनलाही नाही. त्यात लिहिलं होतं की कै. घोगरे ह्यांच्या मनावर गेली काही वर्षं परिणाम झालेला होता. ते एका परदेशी मृत व्यक्तीच्या फोटोशी बोलत. खुर्च्या विकत. मुलांच्या कोवळ्या मनावर त्याचा वाईट प्रभाव पडत होता आणि आम्ही ज्येष्ठ शिक्षकांनी शाळा कशीबशी सावरून धरली होती. तरी आता शाळा अनुभवी आणि डोकं ठिकाणावर असलेल्या हातांत द्यावी. अक्षर माझं, भाषा माझी, पहिली सही माझी. खाली आणखी तिघांच्या सह्या घेतल्या. एकानं विचारलं, "सर, आज? अजून माती व्हायचीय त्यांची." मी म्हणालो, "उद्या उशीर होईल."

पाकीट घेऊन शिपाई महेबूबला धाराशिवला अध्यक्षांकडं पाठवलं. डिंक संपला होता, म्हणून पाकीट उघडंच राहिलं.

महेबूब येडशीला बस बदलायला उतरला. तिथं बार्शीहून आलेली बस उभी होती. तिच्यातून घोगरे सर उतरले. मागं पिशवी घेऊन वहिनी. बार्शीच्या डॉक्टरांनी त्या दिवशी सकाळीच पुन्हा तपासलं, धोका टळलाय म्हणाले. चार दिवस राहा म्हणत होते, पण सरांनी गोळ्या लिहून घेतल्या आणि दवाखाना सोडला. वहिनींच्या मोबाईलचा चार्जर घरी राहिला होता, एवढाच तो शोक.

महेबूब सरळ माणूस. तो सरांच्या पाया पडला, थोडा रडला, आणि मग त्याला कामाची अडचण आठवली.

"सर, ह्ये तुम्ही वारल्याचं पत्र हाय. अध्यक्ष सायबाला द्यायला सांगितलंय. आता तुम्ही तर हाय. मग कुणाला द्यायचं?"

सर म्हणाले, "माझ्याकडं द्या."

येडशीपासून आमच्या गावापर्यंत बसला पाऊण तास लागतो. पाऊण तास ते उघडं पाकीट सरांच्या मांडीवर होतं. महेबूब शपथेवर सांगायचा, "काडून बघितलं न्हाय त्यांनी. खिडकीतनं भाईर बघत व्हते."

स्टँडवर उतरल्यावर त्यांनी चष्मा पुसून स्वतःचा फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. वहिनी रडायला लागल्या. सर म्हणाले, "जन्मसाल चुकलंय. बाकी फोटो बरा निवडलाय."

ते शाळेत आले तेव्हा आम्ही चौघं खोलीत होतो. मी खुर्चीवर. दारात माणूस उभा राहिला म्हणून मी वर पाहिलं. त्या क्षणी मला काय वाटलं ते शेवटी सांगतो. उठून उभा राहिलो एवढं खरं. सर म्हणाले, "बसा, बसा, साळुंके. मला बाकाची सवय आहे." पण कोणी बसलं नाही. तेवढ्यात त्यांच्या हातातलं पाकीट मला दिसलं. बाकीच्या तिघांनाही दिसलं.

व्हरांड्यात महेबूबचा स्टोव्ह होता. सर तिकडं गेले, स्टोव्ह पेटवायला सांगितला आणि पाकीट जसंच्या तसं ज्योतीवर धरलं. कागद जळून बोटांपर्यंत आला तेव्हा सोडला.

"वाचलं न्हाय, सर?" महेबूबनं विचारलं.

"वाचणं न वाचणं हातातलं होतं," सर म्हणाले. "आता चहा ठेवा. सगळ्यांना."

चहा झाला. दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा पोरांना कळलं की सर जिवंत आहेत आणि सुट्टी रद्द आहे. काही पोरं पुन्हा रडली.

मी त्या दिवशी काय विचार केला? सुटलो, असा केला. वाचलेलंच नाही म्हणजे झालेलंच नाही. मोठ्या माणसांचा मोठेपणा आपल्याला किती सोयीचा पडतो, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

निवृत्तीच्या आधी अध्यक्षांनी सरांना बोलावलं. पुतण्याचं नाव पुढं करा म्हणाले. मी खोलीबाहेर बाकावर बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. सर म्हणाले, "आमच्या बादशहाच्या आधीच्या बादशहांनी कर्तबगार माणूस बघून वारस नेमला. ह्यानं पोटचा पोरगा नेमला आणि त्या पोरानं सगळं धुळीला मिळवलं. एवढ्या शहाण्या माणसाची तेवढी एक चूक. ती मी करणार नाही. साळुंके ज्येष्ठ आहेत, तेच होतील."

"हे रोम कुठल्या तालुक्यात येतं हो?" अध्यक्ष म्हणाले. "मास्तर, तुम्हाला निरोपाचा नारळ हवाय का नको?"

सर म्हणाले, "ते हाताबाहेरचं आहे."

नारळ मिळाला नाही. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा निरोप समारंभ झाला नाही. संस्थेचं पत्र आलं की निधी नाही. शेवटच्या दिवशी सरांनी आपलं भिंग, डबा आणि छत्री पिशवीत घातली आणि महेबूबनं त्यांना स्टँडपर्यंत पोचवलं. मी हजर नव्हतो. मी धाराशिवला नवीन खुर्ची बघायला गेलो होतो. पाठीला उंच आणि चाकांची.

घोगरे सरांना एवढा इतिहास येत होता, तरी वारस निवडायला चुकले ते चुकलेच. माझं वर्ष कसं गेलं ते सांगत बसत नाही. बादशहाचा फोटो मी वाळवी लागेल म्हणून काढून ठेवला, एवढंच सांगतो. तो महेबूबनं घरी नेला.

सर तेरला जाऊन राहिले. दोन वर्षांत वहिनी गेल्या. मुलगी लांब, सासरी. त्यानंतर दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ते बसनं आमच्या गावाला यायचे. बाजारात त्यांना घ्यायचं काही नसायचं. एकट्या माणसाला किती भाजी लागते? ते सरळ माझ्याकडं यायचे. ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, आणि मग विचारायचे, "बाकी काय, साळुंके?"

मी गुडघा सांगायचो. पाऊस सांगायचो. जावयाची बदली सांगायचो. ते लक्ष देऊन ऐकायचे आणि संपलं की पुन्हा म्हणायचे, "बाकी?" दोन तास बसून जायचे. सुमन म्हणायची, "आवं, ह्यांचं काय काम आसतं तुमच्याकडं?" मी म्हणायचो, म्हातारा एकटा आहे, वेळ जात नाही. नऊ वर्षं मी हेच उत्तर दिलं. बादशहाच्या किती गोष्टी त्यांनी त्या ओसरीवर सांगितल्या असतील. पुराच्या, साथीच्या, पोरं गेल्याच्या. मी जांभया दाबत ऐकायचो.

मागच्या वर्षी त्यांचे पाय सुजायला लागले आणि गुरुवार बंद झाले. दोन-तीन गुरुवार मला बरं वाटलं. चौथ्या गुरुवारी मी दहा वेळा दारात जाऊन आलो. आमची नात ऋतुजा सुट्टीला आली होती. ती पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मी तिला म्हणालो, तो रोमचा तत्त्वज्ञ बादशहा आहे ना, त्याच्याबद्दल मोबाईलमध्ये बघून काहीतरी वाच.

ती वाचायला लागली. पूर, साथ, लढाया, लिलाव, सगळं मला पाठ होतं. मी मान हलवत होतो. मग ती म्हणाली, "आजोबा, हे भारी आहे. ऐका. ह्याचा एक सेनापती होता. बादशहा आजारी होता, तर कोणीतरी अफवा उठवली की बादशहा मेला. लगेच ह्या सेनापतीनं स्वतःला बादशहा जाहीर केलं!" ती हसायला लागली. "किती येडा माणूस! आधी खात्री तरी करायची ना?"

मी म्हणालो, "पुढं वाच."

पुढं असं होतं की बादशहा जिवंत निघाला. सेनापतीचा कट उघडा पडला. कटातल्या लोकांची पत्रं हाती लागली, ती न वाचताच जाळून टाकली, असं म्हणतात. कोणाचा राग मनात धरायची पाळी येऊ नये म्हणून.

ही गोष्ट घोगरे सरांनी मला कधीच सांगितली नव्हती. त्या बादशहाची बोटं मोजून सांगितली असती त्यांनी, पण नऊ वर्षांच्या गुरुवारांत ही एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्यासमोर काढली नाही.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय, त्या सेनापतीला त्याच्याच माणसांनी मारलं आणि मुंडकं बादशहाकडं पाठवलं. त्यानं ते बघितलंसुद्धा नाही. उलट त्याला वाईट वाटलं म्हणे. त्याला माफ करायचं होतं आणि ते राहून गेलं." तिनं मोबाईल खाली ठेवला. "आजोबा, तुम्हाला घाम का आलाय?"

दुसऱ्या दिवशी मी तेरला गेलो. सर अंगणात बाजेवर बसले होते, पाय उशीवर. फार वाळले होते. मला बघून एवढे खूश झाले की उठायला लागले. मी म्हणालो, बसा. शेजारच्या बाईंनी चहा आणून दिला. आम्ही प्यालो. मग ते म्हणाले, "बाकी काय, साळुंके?"

ह्या वेळी मला कळलं की ते काय विचारतायत, आणि किती वर्षांपासून.

मी म्हणालो, "सर..."

ते पुढं झुकले. कपबशी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर घाई अजिबात नव्हती.

मी म्हणालो, "औंदा तेरणेला पाणी चांगलं आहे."

"आहे," ते म्हणाले. "आणखी बसा की. बसेस पुष्कळ आहेत."

मी तासभर आणखी बसलो. नातीच्या परीक्षेबद्दल बोललो. निघालो तेव्हा ते नको नको म्हणत असताना काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आले. बस येईपर्यंत उभे राहिले. मी पायरीवर पाय ठेवला तसं म्हणाले, "पुढच्या गुरुवारी सांगा, साळुंके. घाई नाही."

ते बुधवारी गेले. फोन त्यांच्या मुलीनंच केला. मी तिला तीनदा विचारलं, नक्की का? तिला माझा राग आला असेल.

त्या दिवशी तेरहून परत येताना, बसमध्ये बसल्याबरोबर, मला सगळी वाक्यं सुचली होती. अंगणात एक सुचत नव्हतं. गाव येईपर्यंत मी ती मनात चार वेळा म्हणून पाहिली, गुरुवारी चुकायला नको म्हणून. ती अशी होती:

सर, ते पत्र मी लिहिलं. बाकीच्या तिघांना मी सही करायला लावलं, त्यांचा दोष नाही. तुमचं डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा ठिकाणावर होतं हे मला माहीत होतं, तरी मी तसं लिहिलं. तुम्ही जिवंत दारात उभे राहिलात तेव्हा मला आनंद झाला नाही, सर. भीती वाटली. पत्रापेक्षा मला त्याचीच जास्त लाज वाटते. मला माफ करा.